नवे ब्रेक शू टाकले, तरी ब्रेक बरोबर नाही? जुन्या गाडीच्या ड्रममध्ये काय काय बिघडते, ते समजून घेऊ

ईदला दोन दिवस राहिले होते. कौशाहून खेडला गावी जायचे होते. गाडी जुनी, पंधरा वर्षे उलटलेली, पण इंजिन ठणठणीत. मागचे ब्रेक शू संपले होते म्हणून जवळच्या एका गॅरेजमध्ये नवे टाकून घेतले. संध्याकाळी गाडी ताब्यात घेताना आम्ही म्हटले, "उस्ताद, गाडी जरा जड वाटतेय." उत्तर मिळाले, "चाचा, शू नवे आहेत. चार दिवस घासतील, मग आपोआप सुटतील."

दुसऱ्या दिवशी पहाटे घरातली सहा माणसे घेऊन निघालो. मुंब्रा बायपास उतरलो, शीळ फाटा आला, आणि मागे बसलेली धाकटी म्हणाली, "अब्बू, काहीतरी जळतंय." गाडी बाजूला घेतली. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर तव्यासारखी धग. उजवे चाक जेमतेम कोमट. गाव राहिले बाजूला, चाक थंड झाल्यावर हळूहळू घरी परत आलो. तपासल्यावर कळले की शूमध्ये दोष नव्हता. हँडब्रेकची केबल आतून गंजली होती आणि परत फिरतच नव्हती. जुने शू झिजून पातळ झाले होते, म्हणून तोवर ते लपले होते. जाड नवे शू बसले आणि ड्रमला चिकटून राहिले.

त्या दिवशी शीळ फाट्याला वास आला म्हणून वाचलो. तोच प्रकार पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटात कळला असता तर काय झाले असते, हा विचार अजूनही येतो. आपल्याकडे ठाण्यात, राबोडीत, मुंब्र्यात, कल्याण-डोंबिवलीत घरोघरी जुन्या गाड्या, स्कूटर आणि रिक्षा आहेत. अनेकांचे पोट त्यांच्यावर चालते. म्हणून ड्रम ब्रेकचे हे गणित सोप्या भाषेत मांडतो आहोत. स्वतः पाना हातात घ्यावा असा आग्रह नाही. पण मेकॅनिकला नेमका प्रश्न विचारता आला पाहिजे.

ड्रमच्या आत असते तरी काय?

मारुती ८०० पासून आजच्या अनेक छोट्या गाड्यांपर्यंत पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. जुन्या स्कूटरना बहुतेक दोन्ही चाकांना ड्रमच असतो. तीनचाकी रिक्षाच्या तिन्ही चाकांना ड्रम असतो.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी भांडे. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात. शूच्या बाहेरच्या अंगाला घासणारा थर असतो, त्याला मेकॅनिक लायनर म्हणतात. गाडीत पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब चाकाजवळच्या व्हील सिलिंडरमध्ये जातो, त्याचे दोन पिस्टन बाहेर येतात आणि शू ड्रमला भिडतात. पेडल सोडले की स्प्रिंगा शूंना मागे ओढतात. हँडब्रेक ओढला तर तेच शू केबल आणि एका लिव्हरने पसरतात. लायनर झिजत जाईल तसे शू आणि ड्रममधले अंतर वाढू नये म्हणून मध्ये एक अॅडजस्टर असतो.

म्हणजे एका छोट्या भांड्यात शू, स्प्रिंगा, सिलिंडर, अॅडजस्टर, हँडब्रेकची लिव्हर आणि मागची बॅक प्लेट असा सगळा संसार असतो. आपण "शू बदला" म्हणतो तेव्हा यातली एकच वस्तू बदलली जाते. बाकीच्या तितक्याच जुन्या असतात. नवे शू टाकूनही तक्रार राहते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

बदलायची वेळ आली हे कसे ओळखावे?

पेडल पूर्वीपेक्षा खाली जाऊ लागते. हँडब्रेक पूर्वी पाच-सहा "कट्" मध्ये धरायचा, आता दहा-बारा लागतात. ब्रेक मारताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला किंवा टायरवर तेलाचा ओघळ दिसतो. यातला शेवटचा प्रकार सर्वात गंभीर. तो शूचा नसून गळक्या व्हील सिलिंडरचा असतो आणि त्या अवस्थेत गाडी चालवू नये.

लायनर किती उरल्यावर बदलायचे, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. धातूच्या वर लायनर एक-दीड मिलिमीटरवर आले की थांबू नये, हा ढोबळ नियम. लायनर रिबिटांनी बसवलेले असेल तर रिबिटाचे डोके ड्रमला लागण्याच्या आत बदलायचे.

ब्रेक ऑइलच्या डब्याबद्दल एक सूचना. लायनर झिजले की डब्यातली पातळी थोडी उतरते. अशा वेळी वरून ऑइल भरून निर्धास्त होऊ नका, आधी शू पाहा. वर भरलेल्या डब्यासह नवे जाड शू टाकले की पिस्टन मागे ढकलले जातात आणि ऑइल डब्यातून सांडते. ते रंगावर पडले तर रंग उचलून काढते. पडलेच तर लगेच पाण्याने धुवा.

ड्रम उघडताना

गाडी सपाट जागेवर घ्या. मागच्या ड्रमचे काम करताना हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचलल्यावर गाडी पक्क्या स्टँडवर ठेवायची. विटांवर गाडी टेकवणे आपल्या गल्लीत सर्रास दिसते. वीट अचानक फुटते आणि खालच्या माणसाला सरकायला वेळ मिळत नाही.

ड्रमची धूळ तोंडाने किंवा कंप्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका. जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते. त्याचे तंतू फुप्फुसात बसतात आणि आजार अनेक वर्षांनी बाहेर येतो. बरोबरचे उपाय साधे आहेत. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारून ओले करूनच स्वच्छ करा, मास्क लावा, ते फडके पिशवीत बांधून टाका. गॅरेजमध्ये काम शिकणारी पोरे दिवसभर ही धूळ खातात. आपल्या गाडीपुरते तरी "हवा मारू नका" एवढे सांगता येईल.

ड्रम निघत नसेल तर आधी हँडब्रेक खरोखर सुटला आहे का पाहा. आमच्याकडे पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे शू गंजाने ड्रमला चिकटतात. ड्रमच्या आतल्या कडेला झिजेने उंचवटा तयार होतो आणि शू त्यात अडकतात. तेव्हा बॅक प्लेटच्या मागच्या छिद्रातून अॅडजस्टर सैल करावा लागतो. काही ड्रमवर आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट सारखे सारखे आवळत गेले की ड्रम सरळ बाहेर येतो. घणाने ठोकल्यास ओतीव लोखंडाला तडा जातो. काही गाड्यांत ड्रमच्या मध्ये बेअरिंग आणि मोठा नट असतो. तिथे नट कंपनीने सांगितल्याइतकाच आवळायचा आणि स्प्लिट पिन नेहमी नवी घालायची.

उघडल्यावर सर्वात आधी मोबाईलवर फोटो काढा. आणि एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंग कुठल्या छिद्रात होती हे विसरलो तर दुसरी बाजू बघता येते. ड्रम काढलेला असताना पेडल कोणी दाबू नये. पिस्टन सिलिंडरमधून बाहेर पडतात आणि कामाला काम लागते.

शू बसवण्याआधी पाच ठिकाणी नजर

पहिले, व्हील सिलिंडर. त्याच्या रबरी टोपीची कड हळूच उचला. आत ओले दिसले तर सिलिंडर गळतो आहे. नव्या शूवर ते तेल पडले की शू वाया गेले. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा घासून परत घालू नये.

दुसरे, ड्रम. आत बोटाला खोल चरे लागतात का, निळसर जळके डाग किंवा बारीक भेगा आहेत का ते पाहा. हलके चरे लेथवर काढता येतात. पण प्रत्येक ड्रमला कमाल आतला व्यास ठरलेला असतो आणि तो बऱ्याचदा ड्रमवरच कोरलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम भंगारात द्यायचा. भेग असलेला ड्रमही तसाच.

तिसरे, बॅक प्लेट. शू जिथे टेकून सरकतात तिथे छोटे उंचवटे असतात. त्यांत खाचा पडल्या असतील तर शू अडकतो. त्या जागा स्वच्छ करून उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा बारीक ठिपका लावायचा. जास्त लावले तर ते वितळून लायनरवर जाईल.

चौथे, स्प्रिंगा. सैल झालेली, गंजलेली किंवा ताणून लांब झालेली स्प्रिंग शू मागे ओढत नाही. शूच्या किमतीपुढे स्प्रिंगांचा खर्च किरकोळ आहे. शूबरोबर त्याही बदला.

पाचवे, हँडब्रेकची केबल. लिव्हर ओढून सोडा. टोक आपणहून मागे गेले पाहिजे. आमच्या गाडीत फक्त ही एक तपासणी राहून गेली होती.

शू नेहमी एकाच अॅक्सलच्या दोन्ही चाकांना, एकाच कंपनीचे घाला. एका चाकाचे संपले म्हणून एकच बदलले तर दोन बाजूंचा जोर वेगळा पडतो. खोक्यावरचा मॉडेल नंबर आणि जुन्या शूची रुंदी, वळण, छिद्रांची जागा समोर धरून जुळवा. बाजारात हुबेहूब खोक्यात डुप्लिकेट माल मिळतो. पक्के बिल मागणे हा त्यावरचा निम्मा उपाय.

आता खरी तक्रार: बदलल्यावर काय बिघडले?

१. ड्रम परत बसतच नाही. नवे शू जाड असतात, म्हणून अॅडजस्टर पूर्ण मागे घ्यावा लागतो. तेवढ्याने झाले नाही तर हँडब्रेकची केबल सैल करा. जुने शू झिजत गेले तसतशी कोणीतरी ती आवळत आणलेली असते. मग शूची टोके पिस्टनच्या खाचेत नीट बसली आहेत का पाहा. तरीही बसत नसेल तर शू चुकीच्या मापाचे आहेत. लायनर कानशीने घासून "बसवून घेणे" हा उपाय नाही.

२. पेडल खाली जाते. याची तीन कारणे आणि तिन्हींची ओळख वेगळी. पेडल दोन-तीनदा पटापट दाबल्यावर वर येऊन घट्ट होत असेल तर शू आणि ड्रममधले अंतर जास्त आहे, अॅडजस्टर जमलेला नाही. वर येऊनही स्पंजसारखे दबत असेल तर ऑइलमध्ये हवा आहे. पाय स्थिर ठेवून दाबून धरले असता पेडल हळूहळू बुडत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. या तिसऱ्या प्रकारात गाडी रस्त्यावर काढूच नका.

पहिल्या कारणाची खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. हँडब्रेक तीन-चार कट् ओढा आणि पेडल दाबा. पेडल आता लगेच वर लागले तर दोष मागच्या शूच्या अंतरात आहे, कारण हँडब्रेकने ते अंतर आधीच भरून काढले. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली जाते. तो दोष नव्हे.

३. एक चाक तापते किंवा जड फिरते. आमची हीच गत होती. चाक थंड झाल्यावर जॅकवर घेऊन हाताने फिरवा. हलकी घसघस चालते, नव्या शूचे ते लक्षण आहे. पण हात काढताच चाक थांबत असेल तर ब्रेक धरलेला आहे. मग क्रमाने जा. व्हील सिलिंडरचा ब्लीडर निपल किंचित उघडा. ऑइल बाहेर येऊन चाक मोकळे झाले तर दाब आत अडकतो आहे: रबरी होज आतून फुगली आहे किंवा मास्टर सिलिंडर पूर्ण परत येत नाही. चाक मोकळे झाले नाही तर निपल बंद करून हँडब्रेकची केबल सैल करा. आता सुटले तर दोष केबलचा. तरीही नाही सुटले तर ड्रम उघडा: स्प्रिंग चुकीच्या छिद्रात, अॅडजस्टर जास्त आवळलेला, पिस्टन गंजून अडकलेला किंवा बॅक प्लेटला खाच, यांपैकी काहीतरी सापडेल. निपल उघडला असेल तर शेवटी हवा काढून ऑइलची पातळी पाहायलाच हवी.

४. कर्कश आवाज. धूळ, चकाकून गुळगुळीत झालेला ड्रम किंवा हलक्या प्रतीचे लायनर यांनी चूं-चूं होते. पेडल दाबताना कर्रकर्र आवाज आला तर बॅक प्लेट कोरडी आहे. पुढे जाताना एकदा आणि रिव्हर्समध्ये एकदा "टक्" झाले तर शू धरून ठेवणारी पिन-स्प्रिंग सैल आहे किंवा पुढचा शू मागे आणि मागचा पुढे लागला आहे. अनेक गाड्यांत दोन्ही शू सारखे नसतात. हँडब्रेकची लिव्हर बहुतेक मागच्या शूला असते.

५. पेडल पायाखाली थरथरते. ड्रम गोल राहिलेला नाही. लेथवर तपासून घ्या, व्यासाची मर्यादा लक्षात ठेवा.

६. गाडी एका बाजूला ओढते. एका बाजूच्या लायनरवर तेल किंवा ग्रीस गेले आहे, किंवा एका बाजूचा अॅडजस्टर सैल आहे. पुढच्या चाकांना ड्रम असेल तर हे ओढणे जास्त जाणवते. आधी दोन्ही टायरची हवा सारखी आहे ना, तेवढे बघून घ्या.

"चार दिवस घासतील" यात खरे किती?

उस्तादचे म्हणणे अर्धे खरे होते. जुना ड्रम झिजलेला असतो आणि नवा शू कंपनीच्या मापाचा. दोघांचे वळण लगेच जुळत नाही, म्हणून सुरुवातीला लायनरचा थोडाच भाग टेकतो आणि ब्रेकचा जोर कमी मिळतो. पहिले शे-दोनशे किलोमीटर सांभाळून चालवायचे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगावरून दहा-पंधरा वेळा बेताने ब्रेक मारून वेग कमी करायचा, मध्ये चाक थंड व्हायला वेळ द्यायचा. नवे शू टाकून दुसऱ्याच दिवशी भरल्या गाडीने घाट उतरायला जायचे नाही. प्रवासाच्या किमान आठवडाभर आधी काम करून घ्या. ही चूक आमची स्वतःची होती.

पण घासणे वेगळे आणि धरून राहणे वेगळे. धरलेला ब्रेक "आपोआप सुटेल" म्हणून वाट पाहिली तर एक साखळी सुरू होते. शू घासत राहतो, ड्रम तापतो, ती उष्णता व्हील सिलिंडरमधल्या ऑइलपर्यंत जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे कोरडे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा प्यायलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल थेट तळाला जाते आणि ब्रेक लागत नाही. घाटात "अचानक ब्रेक फेल" म्हणतात ते असे हळूहळू तयार झालेले असते.

आपल्या दमट हवेत ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. झाकणावर लिहिलेलाच ग्रेड घालावा. इंजिन ऑइल, रॉकेल किंवा पेट्रोल चुकूनही जाऊ देऊ नये, त्याने आतली रबरे फुगतात. आणि घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे, सतत पाय ब्रेकवर ठेवू नये. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवण्याचा मोह तर अजिबात नको.

स्कूटर असेल तर

अॅक्टिव्हासारख्या स्कूटरच्या ड्रम ब्रेकमध्ये ऑइल नसते. केबल एक आर्म ओढते, आतला कॅम फिरतो आणि शू पसरतात. मुठीची मोकळी चाल १० ते २० मिलिमीटर ठेवायची. ती वाढली की चाकाजवळचा नट आवळतात. पण हा नट किती वेळा आवळायचा याला मर्यादा आहे. आर्मजवळ एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण प्लेटवरच्या खुणेला पोहोचला की शू संपले. त्यानंतरही नट आवळत राहिले तर कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि ब्रेक लागल्यावर तसाच अडकू शकतो. चालत्या स्कूटरचे चाक जाम होणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

नवे शू टाकूनही ब्रेक परत येत नसेल तर कॅमची दांडी सुकली किंवा गंजली आहे का आणि केबलचे तार तुटू लागले आहेत का पाहा. कॅमला ग्रीस अगदी थोडे. आर्म काढताना दांडीवरची खूण जुळवून ठेवा. एक दात चुकला तर बाण खोटे दाखवतो. कॉम्बी ब्रेक असेल तर डावी मूठ मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक लावते, म्हणून तिथली जुळणी जाणकाराकडूनच करून घ्या. मुले कॉलेजला आणि बायका बाजाराला हीच स्कूटर घेऊन जातात. महिन्यातून एकदा बाण बघायला अर्धा मिनिट लागतो.

रिक्षावाल्या भावांसाठी

कल्याण स्टेशन, मुंब्रा स्टेशन किंवा डोंबिवलीच्या शेअर रांगेतली रिक्षा दिवसभर दर शंभर पावलांवर थांबते. तिचे शू खासगी गाडीपेक्षा कितीतरी लवकर जातात. तिन्ही ड्रम ऑइलच्या दाबावर चालतात, म्हणून वरची पेडलची तपासणी जशीच्या तशी लागू आहे. पुढचे चाक विसरले जाते, ते विसरू नका. तिन्ही चाकांचा जोर सारखा नसेल तर तीनचाकी वळणावर लवकर डळमळते. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणी करून घ्यावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. पण पासिंगच्या आदल्या दिवशी ब्रेक आवळून घेणे म्हणजे ब्रेकचे काम झाले, असे समजू नये.

पावसाळ्याची गोष्ट

२६ जुलै २००५ चे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना आपल्या भागातले साचणारे पाणी वेगळे सांगायला नको. ड्रममध्ये पाणी शिरले की ब्रेक धरत नाही आणि ते लवकर बाहेरही पडत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर मोकळ्या जागी हळू चालवत ब्रेक हलके हलके दाबा, उष्णतेने शू कोरडे होतात. जोर परत आला याची खात्री झाल्यावरच वेग घ्या. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागेवर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. शू ड्रमला चिकटणार नाहीत.

गाडी परत घेताना

आम्ही आता पाच गोष्टी केल्याशिवाय गॅरेजमधून गाडी हलवत नाही. जुने शू परत मागतो आणि कुठे किती झिजले ते पाहतो: एकच बाजू जास्त झिजली असेल तर मूळ दोष तिथे आहे. दोन्ही मागची चाके जॅकवर फिरवून दाखवायला सांगतो. हँडब्रेकचे कट् मोजतो. पेडल अर्धा मिनिट दाबून धरतो. शेवटी गर्दी नसलेल्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर फिरून दोन्ही चाकांची धग तळहात जवळ नेऊन तपासतो, ड्रमला हात न लावता. दोन्हीकडे सारखी धग असेल तर ठीक. एकीकडे जास्त असेल तर गाडी तिथेच परत.

चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. आमच्या गाडीची केबल ज्या दुसऱ्या उस्तादने बदलली, त्यांनी तर स्वतःहून चाक फिरवून दाखवले आणि गंजलेली केबल आमच्या हातात दिली. ती आजही गॅलरीत खिळ्याला टांगलेली आहे. गावी निघायचे ठरले की धाकटी आधी तिच्याकडे बोट दाखवते आणि विचारते, "अब्बू, चाकं बघितली का?" बघितल्याशिवाय आम्ही निघत नाही.